बोट फिरलं पाहिजे

वळणावर गाडी टाकली की मागच्या चाकातून खर्रर्र असा आवाज यायचा. "टायर घासतोय हो मडगार्डला," हे मी चारचौघांत तक्रारीच्या सुरात सांगायचो. सूर मात्र "आमच्या मुलीला अमेरिकेतली थंडी सोसत नाही" म्हणणाऱ्या आईबापांचा असायचा. घासायचं तर टायर रुंद हवा, रुंद टायर हवा तर गाडी रेसची हवी, आणि रेसची गाडी म्हटली की तिला चालवणारा... पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यावं. कुणी घेत नसे.

गाडी म्हणजे एस्टीम. १९९४ साली आली, २००७ मध्ये बंद झाली. मूळचं तेरा इंची चाक काढून मी तिच्यावर चढवलेला टायर १९५/५० आर १५. या आकड्यांवर जरा थांबावंच लागेल. १९५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५० ही बाजूच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या टक्क्यांत. आणि १५ हा रिमचा व्यास, चक्क इंचांत! एकाच रबरावर फ्रेंच, बँकवाले आणि इंग्रज शेजारी शेजारी नांदतात; मधला आर रेडियलचा, तो बहुधा भांडणं सोडवायला ठेवलेला. आता हिशेब बघा. ५० टक्के म्हणजे एक भिंत साडेसत्त्याण्णव, वरची आणि खालची मिळून पुन्हा १९५. त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवले की टायरचा पूर्ण व्यास ५७६ मिलिमीटर. भिंती मिळून परत रुंदीच भरते, हा शोध मला मध्यरात्री लागला आणि मी बायकोला उठवून सांगितला. "मग आता झोपू का?" एवढंच ती म्हणाली. न्यूटनचं लग्न झालं नव्हतं, ते एका अर्थी बरंच.

तर टायर का घासतो? कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, त्या २.१ किलोमीटरच्या ट्रॅकवर, वळणात गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, तिकडचं सस्पेन्शन दबतं आणि चाक मडगार्डच्या पोटात शिरतं. मडगार्डची कड आतल्या बाजूला काटकोनात वळलेली असते. तिची धार टायरला भिडली की रबर सोलून निघतं. उपाय एकच, ती कड वर दाबून आतून सपाट करायची. पुढचं मडगार्ड एकेरी पत्र्याचं, बोल्टवर बसलेलं. त्याचं फार काही नाही. मागे मात्र बाहेरचा आणि आतला पत्रा त्याच कडेवर स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. तिथलं सीलर फुटलं की पाणी शिरणार आणि कोल्हापूरचा पाऊस उरलेलं काम करणार.

यासाठी हबवर बसणारा खास रोलर मिळतो. अमेरिकेतले हौशी लोक टायर आणि मडगार्डच्या मध्ये बेसबॉलची बॅट घालून गाडी हळूहळू ढकलतात. आमच्याकडे बेसबॉल नाही, मुसळ आहे. ते मी पिशवीत घालून उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडे गेलो. उखळात डोकं घातलंच होतं.

मिस्त्रींनी मुसळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरी न्या सायेब. वैनी शोधत असतील."

मी आवाज काढून दाखवला. खर्रर्र. त्यांना ऐकू गेलं नाही. मोठ्याने काढला, शेजारच्या लेथवरची पोरं बघायला लागली. मिस्त्रींनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. उभा जन्म पत्र्यावर हातोडी मारण्यात गेलेला, कानात कापसाचा बोळासुद्धा कुणी कधी घालायला दिला नाही. "आवाज ऱ्हाऊ द्या," म्हणाले. डिकीत पोरं बसवून गाडी दाबली, बोट आत घातलं, कडेवरून फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "ह्ये बघा, हितं चमकतंय."

हीट गनने रंग कोमट केला, कारण गार रंग तडकतो. मग आतून डॉली, बाहेरून हात, थोडं थोडं करत कड वर. मध्येच म्हणाले, "पोरगं शोरूमला हाय. पाना चालवतंय, पॅनल बदलतंय. हातोडी नगं म्हणतंय."

मला याचा मनापासून राग येतो. बारीक पोचा दिसला की अख्खं पॅनल उतरवायचं, "इन्शुरन्समध्ये बसतं" म्हणायचं आणि चांगला पत्रा भंगारात टाकायचा. हे मी तावातावाने, अर्थात ओरडून सांगितलं. मिस्त्रींनी ते ओठांवरून वाचलं असावं.

"बरंच हाय की," ते म्हणाले. "कान तरी ऱ्हातील त्याचं."

यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं, यावेळी कुठेही न अडकता.

आता पंचाईत अशी की काम इतकं सुबक झालंय की दिसतच नाही. आवाजही गेला. खर्च केला आणि मिरवायला काही उरलं नाही. म्हणून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी चहाआधी पार्किंगमध्ये नेतो. परवा मेहुण्याला वाकवलं, त्याचा हात धरून मडगार्डच्या आत घातला. काळं झालेलं बोट बाहेर काढून तो म्हणाला, "काहीच लागत नाही हो हाताला."

"तेच तर!" मी म्हणालो. "आता दुसऱ्या बाजूला या."