वसुली खात्यातले काका

निवृत्त मास्तर शिकवण्या घेतात, निवृत्त फौजदार सोसायटीच्या गेटवर नजर ठेवतात. निवृत्त कारखानदाराचं काय करायचं, याची मात्र आपल्याकडे काही सोयच नाही. भोसरीतला नटबोल्टचा कारखाना पुढच्या पिढीकडे सोपवला आणि मी घर चालवायला घेतलं. दूधवाल्याकडे कोटेशन मागितलं, कामवाल्या मावशींना टार्गेट दिलं. शेवटी सौ. म्हणाल्या, "तुम्ही समाजसेवा करा. समाज मोठा आहे, त्याला सोसेल."

ओळखीपाळखीतून भोर तालुक्यातल्या एका बचत गटाचा मी मार्गदर्शक झालो. पहिल्याच बैठकीला लॅपटॉप घेऊन गेलो. बायका पापड लाटत होत्या. बैठक आहे म्हणून हात थांबवायची तिथे पद्धत नव्हती. मी व्हिजन सांगितलं, ब्रँडिंग सांगितलं, लाटण्यांच्या तालावर पाच वर्षांचा आराखडा मांडला. मग हुकमी पान टाकलं: लिज्जत! १९५९ साल, गिरगाव, सात बायका आणि उसने घेतलेले ८० रुपये.

अध्यक्षबाईंनी मान वर केली. "ते ऐंशी रुपये दिले कुणी?"

"एका समाजसेवकाने."

"बरं. मग तुम्ही किती देताय?"

व्हिजन तिथेच संपलं. चहा आला. चहा घेताना खरं दुखणं बाहेर पडलं. शहरातल्या एका दुकानदाराने पापड आणि मसाले उधारीवर उचलले होते आणि दर खेपेला "पुढच्या आठवड्यात या" चालू होतं. खजिनदार ताईंनी विचारलं, "काका, पैसे बुडवणाऱ्याचं डोकं चालतं तरी कसं?"

माझी कळी खुलली. जन्मभर घेणेकऱ्यांना झुलवलेला माणूस मी! "चेक तयार आहे, पण सही करणारे साहेब बाहेरगावी आहेत" म्हणजे साहेब आत संडासात आहेत. बिलातली चूक मुदत संपता संपताच सापडते, आधी सापडून उपयोग नसतो. पुरवठादाराची स्कूटर दुरून दिसावी म्हणून अकाउंटंटचं टेबल खिडकीशी लावायचं असतं. बायकांनी पहिल्यांदाच लाटणी खाली ठेवली. खजिनदार ताई तर लिहून घेत होत्या.

मग कायदा. उद्यम नोंदणी करा, फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे दरमहा चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट. एवढं तोंडपाठ कसं, असं कुणी विचारलं नाही ते बरं झालं. पुठ्ठ्याचे खोके पुरवणाऱ्या एका सज्जनाने हेच कलम माझ्या टेबलावर आपटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, आम्ही त्या दुकानात गेलो. बायका गल्ल्यासमोरच बसल्या. भांडण नाही, घोषणा नाही. एकीने पिशवीतून मेथीची जुडी काढून निवडायला घेतली. गिऱ्हाइकं वळून वळून बघू लागली. दुकानदाराने बरोब्बर मला हेरलं. "काका, तुम्ही धंद्यातले दिसता. तुम्हीच समजून घ्या ना." खरं सांगतो, गलबलून आलं. आमच्या जातकुळीचा माणूस तो! मी दोन समजुतीचे शब्द बोलणार, तोच तो म्हणाला, "चेक तयारच आहे हो, पण सही करणारा भाऊ बाहेरगावी..."

"संडासात बघून या," अध्यक्षबाई मेथीतली काडी बाजूला टाकत म्हणाल्या, "आम्ही थांबतो."

भाऊ निघाला. चेकही निघाला.

तेव्हापासून आराखडा, ब्रँडिंग वगैरे मला कुणी विचारत नाही. परवा अध्यक्षबाईंनी उरलेल्या थकबाकीदारांची यादी हातात ठेवली. त्यात तिसरं नाव आमच्या चिरंजीवांचं. दिवाळीत कामगारांना वाटायला फराळ नेला होता, पैसे अजून बाकी. येत्या शनिवारी जायचंय. तो कुठे लपतो ते मी बायकांना आधीच सांगून ठेवलंय.