मालकी तुमची, वापर तेलाचा

बंगल्यामागे मोकळी जागा आहे म्हटलं की मराठी माणूस किंमत विचारायच्या आधी आंबा कुठे लावायचा ते ठरवतो. पुणे-सोलापूर रस्त्याकडेचा बंगला बघताना आमच्या सौ.नी एका कोपऱ्यात हापूस, दुसऱ्यात केशर लावूनही टाकला होता. मला हवी होती विहीर. एजंट म्हणाला, "साहेब, मागे कधी कोणी बांधणार नाही, लिहून देतो!"

तो अगदी खरं बोलत होता. बांधायची कुणाला परवानगीच नव्हती.

कुंपणाशी एक खांब होता. त्यावर फोन नंबर आणि खोदकाम न करण्याची तंबी. "जुना आहे हो, काढून टाकू," एजंट म्हणाला. सातबारा मागवला. वर मालकाचं नाव ठसठशीत. खाली 'इतर अधिकार'मध्ये अंग चोरून बसलेली तेलाच्या पाइपलाइनची नोंद.

वकिलांनी १९६२ चा पाइपलाइनचा कायदा उलगडला. यात सरकार जमीन घेत नाही, तिच्या वापराचा हक्क घेतं. मालकी तुमचीच. मात्र त्या पट्ट्यात इमारत नको, विहीर नको, तळं नको, धरण नको, झाड नको. धरण बांधायचा माझा काही विचार नव्हता. पण मनाई ऐकल्यावर उगाच चुटपुट लागली. थोडक्यात, आपल्याच परसात घरजावयासारखं राहायचं: मान आहे, हात कशाला लावायचा नाही.

"भाजीपाला लावा की," वकील म्हणाले.

"एवढ्या पैशात जन्मभर कोथिंबीर घरपोच येईल," सौ. म्हणाल्या.

मोबदल्याचं विचारलं. वापराच्या हक्कापोटी बाजारभावाच्या १० टक्के मिळतात. पण भाव अधिसूचनेच्या दिवशीचा, आणि पैसे तेव्हाच्या मालकाला. म्हणजे दहा टक्के त्याने खाल्ले, शंभर टक्के आम्ही मोजायचे. पट्ट्यापुरता भाव कमी करा म्हटलं, तर एजंट म्हणाला, "साहेब, खालून तेल जातंय, उलट जास्त मागायला पाहिजेत!"

विकणाऱ्याने मोठा दोष लपवू नये, असं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो. पण साध्या काळजीने दिसेल तो दोष सांगायचं बंधन त्याच्यावर नाही. कुंपणाशी खांब आणि सातबाऱ्यावर नोंद असताना 'आम्हाला कुठे ठाऊक' म्हणायची सोय उरत नाही. आम्ही नमस्कार करून निघालो.

तेव्हा मंडळी, सातबारा खालून वर वाचा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या, पट्टा मोजून घ्या आणि तेवढा भाव पाडूनच बोला. आणि 'मागे कोणी बांधणार नाही' असं एजंटने सांगितलं, तर "आणि मी?" एवढं विचाराच.