डोळ्यात फूल

सासुरवाडीला जावयाने खावं आणि पडावं. मी मात्र अलीकडे वनस्पतींचा नाद लावून घेतलाय. गळ्यात भिंग अडकवायचं आणि ओसाड जागा शोधायची. अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत एका रिकाम्या क्वार्टरच्या मागे पिवळा धोत्रा माजला होता. पानांवर पांढऱ्या शिरा, देठापासून बोंडापर्यंत काटे आणि वर पतंगाच्या कागदासारखी तलम पिवळी फुलं.

"हा धोत्रा नव्हेच," मी मेहुण्याला म्हटलं. "अफूच्या कुळातला. आर्जेमोनी मेक्सिकाना! लिनियसने १७५३ साली ठेवलेलं नाव."

"बरं."

एवढ्यावर थांबेन तर जावई कसला? "ग्रीक भाषेत आर्गेमा म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग. आपण डोळ्यात फूल पडलं म्हणतो ना, तेच. त्यावरचं औषध, म्हणून हे नाव!" पुरावा म्हणून देठ मोडला. पिवळाजर्द चीक बोटांवर ओघळला, अंगठ्यात काटा रुतला, कपाळावरचा घाम पापणीवर उतरला आणि तो मी त्याच बोटांनी पुसला.

उरलेलं व्याख्यान नळाखाली झालं.

"जावईबापू," सासूबाई तांब्यामागून तांब्या ओतत म्हणाल्या, "याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत हो. तुम्ही डोळा कशाला लावलात?"

चिपळूणच्या डॉक्टरांनी काय गेलं विचारलं, तेव्हा मी प्राचीन ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसपासून सुरुवात केली. "काटेधोत्रा," मेहुण्याने मध्येच उरकलं.

रात्री शाबूत डोळ्याने वाचत बसलो. डायोस्कोरिडीसची आर्गेमोनी म्हणजे तिकडचीच कुठलीशी खसखशीसारखी वनस्पती. आपलं हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, ग्रीकांनी ते जन्मात पाहिलेलं नाही. जुनं नाव नंतरच्या पंडितांनी या परक्या झाडाला चिकटवलं. औषध एकाचं, नाव दुसऱ्याला, डोळा माझा!

तरी खोड जाईना. दुसऱ्या दिवशी जेवताना सांगून बसलो, "याचं बी हुबेहूब मोहरीसारखं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं. अंगावर सूज येऊन माणसं दगावली."

सगळ्यांचे हात थांबले. मेहुणा वरणातली एकेक मोहरी बोटाने बाजूला काढू लागला. सासूबाईंनी शांतपणे माझी वाटी उचलून आत नेली.

रात्री सगळ्यांच्या पानात फोडणीचं वरण होतं. माझं तेवढं बिनफोडणीचं.