दुसरा क्रमांक कसा मिळवावा : होतकरू गायकांसाठी मार्गदर्शन

गाणं पहिल्या क्रमांकावर कसं न्यावं, हे शिकवणारे पैशाला पासरी मिळतात. पण अख्खा देश एखादं गाणं गुणगुणतोय आणि क्रमवारीत मात्र त्याचा पत्ताच नाही, ही अवस्था कशी साधावी याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हा प्रपंच. अभ्यासाला एकच गाणं नेमलं आहे : नॅटली इम्ब्रुलियाचं १९९७ सालचं 'टॉर्न'. विद्यार्थ्यांनी ते आधी दोनदा ऐकून यावं. तिसऱ्यांदा ते आपोआप ऐकू येऊ लागतं.

सर्वप्रथम, गाणं स्वतः लिहू नये. दुसऱ्यांनी लिहिलेलं घ्यावं आणि तेही चांगलं मुरलेलं असावं. 'टॉर्न' लिहिलं स्कॉट कटलर, अ‍ॅन प्रेव्हन आणि फिल थॉर्नली या तिघांनी, १९९१ मध्ये. दोन वर्षांनी त्याची पहिली तबकडी निघाली ती डॅनिश भाषेत, लिस सोरेन्सन हिच्या आवाजात. मग कटलर आणि प्रेव्हन यांच्या एडनास्वॉप या बँडने ते स्वतः ध्वनिमुद्रित केलं. पुन्हा केलं. आणखी एकदा केलं. जगाने तिन्ही वेळा दुसरीकडे पाहिलं. १९९६ मध्ये त्रिने राइन या नॉर्वेच्या गायिकेने ते गायलं. इतक्या हातांतून गेल्यावर गाणं वापरण्याजोगं झालं असं समजावं.

गायिका निवडताना ती टीव्ही मालिकेतली असल्यास उत्तम. नॅटली ऑस्ट्रेलियाची. तिथल्या 'नेबर्स' या मालिकेत तिने बेथचं काम केलं होतं. ही मालिका ब्रिटनमध्ये घरोघरी पाहिली जायची आणि तिच्यातून कायली मिनोग आणि जेसन डोनोव्हन आधीच गाण्यात उतरलेले होते. त्यामुळे नॅटलीने गाण्याचं नाव काढताच समीक्षकांनी नाक मुरडायची तयारी करून ठेवली असणार. अशा वेळी एकच करावं : गाणं खरोखर चांगलं करून टाकावं. निर्माता म्हणून गाण्याचाच एक लेखक थॉर्नली होता, जो काही काळ 'द क्युअर'मध्ये बास वाजवत असे. मिक्सिंगला नायजेल गॉडरिच बसला. त्याच वर्षी रेडिओहेडचा 'ओके कम्प्युटर' त्याच्याच हातून बाहेर पडला होता. म्हणजे मालिकेतल्या मुलीचं गाणं म्हणून हिणवायला आलेल्यांची कानाच्या पातळीवरच पंचाईत.

यानंतर वाद अंगावर ओढवून घ्यावा. गाणं गाजलं की कुणीतरी शोध लावतो की हे हिचं नाहीच, आधी दुसऱ्यांनी गायलेलं आहे! नॅटलीच्या वाट्याला हे भरपूर आलं. मराठी वाचकाला यात नेमका गुन्हा काय, ते कळायला थोडा वेळ लागेल. गदिमांनी लिहावं, बाबूजींनी चाल लावावी, आशाबाईंनी गावं आणि श्रेय तिघांनाही पोटभर मिळावं, अशी आपल्याकडची वहिवाट. तिकडे रॉकच्या सोवळ्यात मात्र गाणाऱ्याचं दुःखही स्वतःचं आणि स्वहस्ते लिहिलेलं लागतं. प्रेव्हनचं दुःख नॅटलीने गायलं म्हणजे जणू दुसऱ्याच्या नावाचा पास दाखवून बसप्रवास केला.

आता व्हिडिओ. इथे नवशिके हमखास घसरतात. हेलिकॉप्टर, समुद्रकिनारा, पावसात भिजणारे पियानो हे सगळं टाळावं. एक खोली घ्यावी. कॅमेरा एका जागी रोवावा आणि तिथून हलवू नये. दिग्दर्शिका अ‍ॅलिसन मॅक्लीन हिने हेच केलं. एक फ्लॅट, त्यात नॅटली आणि अभिनेता जेरेमी शेफील्ड. प्रेमप्रसंग चालू आहे असं वाटतं तोच माणसं फ्रेममध्ये शिरतात, कुणी सामान सरकवतं, कुणी नटांची बसण्याची पद्धत सुधारतं आणि आपल्याला कळतं की चुंबनसुद्धा तालमीतलं आहे. गाणं मोडलेल्या भ्रमाचं, आणि चित्रही भ्रम मोडण्याचंच. शेवटी तर सेटच्या भिंतीच उचलून न्यायला लागतात आणि ही बाई मधोमध बिनधास्त नाचत राहते. पोशाखखर्चाची बाबही लक्षात घ्यावी : टोपीचं ढगळ जॅकेट आणि खिसेवाली ढगळ विजार. १९९८ पर्यंत त्या विजारी सगळीकडे दिसायला लागल्या. आमच्या मते त्या दशकात या व्हिडिओपेक्षा कमी सामानात जास्त काही सांगणारे व्हिडिओ फार थोडे निघाले. हे वाक्य मात्र गंभीरपणे घ्यावं.

सगळी तयारी अशी चोख झाली की गाणं बाजारात आणावं. मुहूर्त चुकीचा निवडणं अत्यावश्यक. 'टॉर्न' ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९७ च्या अखेरीस आलं आणि थेट दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. वर कोण? अ‍ॅक्वा या बँडचं 'बार्बी गर्ल'. बाहुलीच्या आवाजातलं ते गाणं चार आठवडे पहिल्या क्रमांकावरून हललं नाही. इथे अभ्यासूंनी एक योग टिपून ठेवावा : अ‍ॅक्वाचे तीन सदस्य डेन्मार्कचे आणि गायिका नॉर्वेची. ज्या दोन देशांनी 'टॉर्न' आधी गाऊन ठेवलं होतं, त्याच दोन देशांनी मिळून त्याची वाट अडवली. पुढे 'टॉर्न' ब्रिटनमध्ये दहा लाखांहून जास्त खपलं. क्रमांक दुसरा तो दुसराच. मायदेशी, ऑस्ट्रेलियातही दुसराच. याला पक्षपात म्हणता येत नाही.

पण खरी कारागिरी अमेरिकेत आहे, तिथे सावकाश चला.

अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाची 'हॉट १००' नावाची क्रमवारी असते. १९९१ पासून तिचा हिशेब काटेकोर झाला : दुकानात बारकोड किती वेळा वाजला ते एका यंत्रणेने मोजायचं, रेडिओवर गाणं किती वेळा लागलं ते दुसरीने. दोन्हींची बेरीज म्हणजे गाण्याची पत. मात्र एक अट होती. गाणं सुटं विकत मिळत असेल तरच क्रमवारीत प्रवेश. आणि नेमकं त्याच काळात अमेरिकी कंपन्यांना सुचलं की सुटं गाणं स्वस्तात कशाला विकायचं? ते रेडिओवर रात्रंदिवस वाजू द्यावं आणि ज्याला ते घरी हवं असेल त्याने पूर्ण अल्बमची सीडी घ्यावी. एका गाण्यासाठी उरलेली डझनभर गाणी पदरात. 'टॉर्न' हे असंच अमेरिकी दुकानात सुटं ठेवलं गेलं नाही.

परिणाम पाहा. १९९८ मध्ये अमेरिकी रेडिओवरच्या क्रमवारीत 'टॉर्न' ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. देशात सर्वांत जास्त वाजणारं गाणं. आणि हॉट १०० मध्ये? नाही. शंभरावंही नाही. पेन्शनर खिडकीसमोर धडधाकट उभा आहे, पण हयातीचा दाखला जोडलेला नाही, म्हणून तो हयात नाही. नो डाउटच्या 'डोन्ट स्पीक'ने तर याच पद्धतीने रेडिओवर १६ आठवडे पहिला क्रमांक राखला आणि हॉट १०० चा उंबरठाही ओलांडला नाही. गू गू डॉल्सचं 'आयरिस' १८ आठवडे. होतकरूंनी यांचाही आदर्श ठेवावा.

मात्र नियमांचा भरवसा नसतो. ५ डिसेंबर १९९८ रोजी बिलबोर्डने अट काढून टाकली. आता नुसत्या रेडिओच्या बळावरही प्रवेश मिळू लागला. 'आयरिस'ची लाट तेव्हाही जोरात असल्याने ते नवव्या क्रमांकापर्यंत पोचलं. 'टॉर्न'चा भर मात्र तोवर ओसरला होता. दार उघडलं तेव्हा त्याच्या वाट्याला आला ४२ वा क्रमांक. दप्तरी नोंद आजही तीच आहे. ज्या गाण्याने ११ आठवडे अमेरिकेला झोपू दिलं नाही, ते कागदोपत्री बेचाळिसावं.

पुरस्कारांबाबत थोडक्यात. एमटीव्हीचा १९९८ चा सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचा पुरस्कार नॅटलीला मिळाला. एवढी गफलत क्षम्य मानावी. ग्रॅमीला नामांकन मिळालं तेव्हा तिने धोरण सांभाळलं. स्पर्धेत सेलीन डिऑनचं 'टायटॅनिक'मधलं गाणं होतं, त्यामुळे निकालाची चिंता नव्हती.

एवढं करूनही एखाद्या विद्यार्थ्याला शंका येईल की हा सगळा निव्वळ योगायोग असावा. त्याने नॅटलीच्या पुढच्या गाण्याची नोंद तपासावी. 'बिग मिस्टेक' मार्च १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये आलं. मुहूर्त वेगळा, चाल वेगळी, आणि या वेळी लेखकांच्या यादीत ती स्वतःही होती. क्रमांक दुसरा.