कुत्र्याने मालकाला फिरवण्याची शास्त्रोक्त पद्धत

सकाळी साडेसहाला पुण्यातल्या कुठल्याही टेकडीच्या वाटेवर हे दृश्य हमखास दिसतं. पुढे कुत्रा, मध्ये ताणलेला पट्टा, मागे जवळजवळ आडवे झालेले मालक आणि समोरून येणाऱ्यांसाठी खुलासा : "काही करत नाही हो तो!" पूर्ण वाढलेला लॅब्राडॉर नर साधारण २९ ते ३६ किलोंचा असतो, रॉटवायलर सहज पन्नाशी गाठतो. पण माणसाला असं फरफटत न्यायला नुसती ताकद पुरत नाही, त्याला शिक्षण लागतं. बहुतेक घरांतून ते रोज दोन वेळा, विनामूल्य दिलं जातं. ज्यांचा कुत्रा अजून या इयत्तेत पोचलेला नाही, त्यांच्यासाठी पायऱ्या पुढीलप्रमाणे.

पायरी पहिली : कुत्र्यानं ओढलं की निघावं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं भुकेल्या मांजरांना खटक्याच्या पेट्यांत ठेवलं होतं. खटका निघाला की दार उघडे आणि बाहेर खाणं मिळे. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधाचा मथितार्थ असा, की ज्या कृतीतून पदरात काही पडतं ती पुन्हा केली जाते. कुत्र्याला हा प्रबंध वाचावा लागत नाही. पट्टा ताणला, मालक दोन पावलं पुढे आले, विजेच्या खांबापर्यंत नाक पोचलं. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. त्यामुळे आपल्याला जो नुसता खांब दिसतो, तो त्याच्यासाठी अख्ख्या गल्लीचा ताजा अंक असतो. तो वाचायला मिळण्याची किंमत एक हिसका, हा हिशेब चार वर्षांच्या कुत्र्याला पाठ असतो.

पायरी दुसरी : नियम रोज बदलावा. सोमवारी ओढलं तर थांबावं, मंगळवारी ऑफिसला उशीर होतोय म्हणून धावत सुटावं, बुधवारी फोनवर असल्यामुळे काहीच करू नये. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं प्रयोगांतून दाखवून दिलं, की बक्षीस कधी मिळेल याचा भरवसा नसला की सवय जास्त चिवट होते. मटक्याचं व्यसन सुटत नाही ते याच कारणानं. आठवड्यातून एकदा दिलेली ढील बाकी सहा दिवसांच्या शिस्तीवर पाणी फिरवते.

पायरी तिसरी : घरातल्या प्रत्येकानं आपापला हुकूम वापरावा. बाबांनी "सिट" म्हणावं, आजीनं "खाली बस बाळा", ताईनं "स्टे" आणि वॉचमननं "बैठ". कुत्रा सर्वांचा मान राखून उभाच राहतो.

पायरी चौथी : अवजारं जपून निवडावीत. आत-बाहेर होणारा स्प्रिंगचा पट्टा उत्तम. तो सतत थोडा ताणलेला राहतो, त्यामुळे ताण असेल तरच पुढे जायचं असतं हे कुत्र्याला वेगळं सांगावं लागत नाही. जास्त हौस असेल तर काटेरी पट्टा आणावा. समोर दुसरा कुत्रा दिसला की नेमकी त्याच क्षणी मानेत कळ येते आणि दुसरा कुत्रा म्हणजे दुखणं, अशी गाठ डोक्यात बसण्याचा धोका असतो. पुढच्या वेळी तो दुपटीनं भुंकला तर प्रशिक्षण सफल झालं असं समजावं. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन क्षेत्रातल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात असं स्पष्ट म्हटलं, पण ते लोक आपल्या सोसायटीत राहत नाहीत.

काही मालकांना मात्र उलटा प्रवास करायचा असतो. त्यांच्यासाठी नियम तोच, फक्त मजुरी वेगळ्या कामाची. पट्टा ताणला की जागच्या जागी उभं राहायचं; सैल झाला की निघायचं. पहिले काही दिवस सोसायटीच्या फाटकापर्यंत जायलाच पाव तास लागतो आणि शेजारी चौकशी करतात. छातीवर कडी असलेला हार्नेस घ्यावा. त्यात कुत्र्यानं जोर लावला की अंग बाजूला वळतं आणि ओढण्यातला फायदा कमी होतो.

खरी परीक्षा स्कूटरच्या सीटवर बसलेल्या मांजरीची. मांजर दिसताच कुत्र्याचं हासरं तोंड मिटतं, कान पुढे येतात, शेपूट ताठ होते, अंगाचा भार पुढच्या पायांवर जातो. झेप त्यानंतर. मालकाच्या हातात आहेत ते मधले एक-दोन क्षण. तेवढ्यात हाक मारावी, त्यानं मान वळवली की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा तोंडात द्यावा. (बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट नको, ते त्याला विषारी.) चिकन नाकासमोर असूनही तो बघत नसेल तर तो हट्टी आहे असं नव्हे, आपण मांजरीच्या फार जवळ आलो आहोत. तुकडा खाईल इतकं मागे जावं आणि अंतर दिवसादिवसानं कमी करावं. गल्लीतल्या कुत्र्यांच्या बाबतीत तर शौर्य नकोच. ती त्यांची हद्द असते, म्हणून लांबूनच वळसा घालावा, नाहीतर सरळ रस्ता ओलांडावा.

आणि खांब? तो वगळायचा नाही, तो पगारात धरायचा. दहा पावलं सैल पट्ट्यानं चाललं की "जा" म्हणावं आणि मनसोक्त हुंगू द्यावं. प्रौढ कुत्रा हे शिकतो. जुनी सवय मोडायची असल्यानं पिल्लापेक्षा वेळ जास्त लागतो, इतकंच.

एवढी कटकट नको म्हणून कुत्र्याला गॅलरीतच बांधून ठेवावं असं ज्यांच्या मनात येईल, त्यांनी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पाहावा. नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा त्याच्या कलम ११ नुसार मालकाचा गुन्हा आहे. या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला गेला १० ते ५० रुपये. पाव किलो पनीर त्याहून महाग पडतं हे खरं; तरी मालकांनी पनीरच आणावं आणि उद्या सकाळी मोबाईल घरी ठेवून निघावं.