येथे प्रेमाने घासून मिळेल

डिसेंबर लागला आणि सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत पाटी लागली : ‘येथे मांजा प्रेमाने घासून मिळेल. १००० वार, २५०० वार, ५००० वार.’ वार समजले. प्रेम कोणत्या मापाने मोजायचं, ते लिहिलेलं नव्हतं.

पाटी आप्पांची. म्हणजे तुमच्याही गल्लीत असतो तोच माणूस. अकरा महिने घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर, हिरे घासायचे आणि बाराव्यात गच्चीवर शौक म्हणून दोरा घासायचा. दोन खांबांना सूत ताणायचं, काचेच्या भुकटीची गुलाबी लुगदी मुठीत धरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. बोट कापलं की ते आम्हाला दाखवायला यायचे, नवरदेवाने अंगठी दाखवावी तसं. आपल्या दोऱ्याने भागळपर्यंतचे पतंग कापले जातात, असं त्यांचं म्हणणं. लिंबायतहून भागळ दिसतही नाही. पण शौकिनाला अंतर विचारू नये.

मग २०२३च्या दिवाळीच्या आगेमागे हिऱ्याच्या धंद्याने दोन महिने कच्चा मालच आणायचा नाही असं आपणहून ठरवलं. मोकळ्या बसलेल्या आप्पांना मोबाइलवर कोणी सुटातला माणूस भेटला. छंदालाच धंदा करा, म्हणाला, जन्मात एक दिवस काम करावं लागणार नाही! आप्पांनी केला. तेव्हापासून एक दिवस सुट्टी नाही.

आणि ते प्रेम! गिऱ्हाईक पाटी वाचूनच भांडतं. “आप्पा, गेल्या खेपेला प्रेम कमी पडलं, ढील देताना दोरा तुटला.” दुसरा म्हणतो, “प्रेम राहू द्या, काच वाढवा आणि वीस रुपये कमी करा.” उत्तरायणच्या आदल्या रात्री अर्जंट प्रेम दीडपट दराने. पूर्वी दोऱ्याला रक्त लागलं की आप्पांचा मान वाढायचा, आता गिऱ्हाईक म्हणतं, “डाग आहे, एवढे वार मोजू नका.” बरं, आप्पांच्या नशिबी घासणं काही नवीन नाही. हिरा घासला, दोरा घासला, भाडं थकलं तेव्हा घरमालकापुढे नाकही घासलं. हिरा घासणाऱ्याला इथे पूर्वी ‘हिराघसू’ म्हणत. ते कानाला बरं वाटेना, म्हणून ‘रत्नकलाकार’ केलं. मजुरी राहिली नगावरच. नाव वाढवायला पैसे पडत नाहीत, हा शोध ज्याने लावला त्याला खरा जोहरी म्हणायला हवं! जगातल्या दहांतल्या नऊ हिऱ्यांना या शहरात पैलू पडतात, एकेका गोल हिऱ्याला ५७. आणि ते पाडणाऱ्या माणसाला मंदीत म्हणे छंद जोपासायचा. कारखानदाराला कोणी का नाही सांगत, शेठ, यंदा तुम्ही जरा बासरी शिका? सल्ला नेहमी त्यालाच, ज्याच्या बोटांना आधीच चिकटपट्ट्या आहेत. आणि तो सुटातला माणूस तेच भाषण गावोगाव पैसे घेऊन करतो. त्याला तरी ते प्रेमाने करता येतं का, एकदा विचारायचंय.

उत्तरायणला सगळी सुरत गच्चीवर. ‘काप्यो छे’च्या आरोळ्या, भोंगे, उंधियू. आप्पा खाली आडवे, दहाही बोटं गोधडीबाहेर. वर त्यांचा मुलगा पतंग उडवत होता, २०१७ पासून देशभर बंदी असलेल्या नायलॉनच्या दोऱ्यावर, कुठूनसा चोरून आणलेल्या. बापाचा दोरा का नाही, विचारलं. म्हणाला, “काका, तो विकायचा असतो.”

मी खाली जाऊन आप्पांशेजारी बसलो.

“आप्पा, मग आता शौक कसला?”

“झोप भो,” डोळे न उघडता ते म्हणाले.

मी घाईने दार लोटून घेतलं. गल्लीतल्या कोणी ऐकलं असतं, तर संध्याकाळपर्यंत त्याचीही पाटी रंगवून दिली असती.