खेळायची फी

गोंदियाहून लोक नागपूरला जातात ते हाड दाखवायला, दात बसवायला, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला. आम्ही पोराला खेळवायला जात असू. रेल्वेने, तब्बल 130 किलोमीटर. शेजारच्या काकूंनी विचारलंच, “काऊन जी, गोंदियात जागा नाही का खेळाले?”

आमचे चिरंजीव घरात कान किटवायचे आणि शाळेत ब्र काढायचे नाहीत. डॉक्टरांनी प्ले थेरपी सुचवली. मी राइस मिलमध्ये हिशेब लिहिणारा माणूस. एका तोंडाने धान आत, दुसऱ्या तोंडाने तांदूळ बाहेर. मुकं पोरगं आत सोडलं की बोलकं बाहेर येईल, असं गृहीत धरूनच मी फी भरली.

पहिल्या भेटीला तर पोराला बोलावलंच नव्हतं. प्रश्न सगळे आम्हालाच. झोप कशी, जेवण कसं, घरात कोण कोणावर ओरडतं? मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. थेरपी देणाऱ्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. बरंच लिहून घेतलं.

पुढच्या वेळी दारातच मी त्याला बजावलं, “मॅडम विचारतील त्याची नीट उत्तरं दे.” बाई हसून म्हणाल्या, “इथे उत्तरं नसतात हो.” खोलीत हातबाहुल्या, बाहुलीघर, चिकणमाती, वाळूचा ट्रे, प्लास्टिकचे वाघ-गाई. लहान मुलाला मनातलं सांगायला शब्द सापडत नाहीत, ते खेळातून मांडतं, हा त्यामागचा विचार. व्हर्जिनिया ॲक्सलाइन या अमेरिकन बाईंनी 1947 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की वाट मुलाने दाखवायची आणि मोठ्याने मागून चालायचं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची नाही, अशा मोजक्याच मर्यादा.

पाऊण तासाने दार उघडलं. मी विचारलं, “आज काय शिकवलं?”

“काही नाही. खेळलो.”

पावतीवर मात्र पूर्ण रक्कम होती. खोलीतलं खोलीतच राहतं, पालकांशी एकंदर प्रगतीबद्दल अधूनमधून वेगळं बोलणं होतं, असंही कळलं. ते काही मला पटलं नाही. परतीच्या गाडीत मी आलुबोंडा घेऊन उलटतपासणी सुरू केली. चिरंजीवांनी शांतपणे आलुबोंडा संपवला, हात माझ्याच रुमालाला पुसले आणि म्हणाले, “ते सांगायचं नसते.”

मग प्रकरण चिघळलं. पोरगं घरात आदळआपट करू लागलं, आजीला तोंडावर “नाही” म्हणू लागलं. दाबलेलं बाहेर येताना मधला काळ असा जाऊ शकतो, हे बाईंनी आधी सांगून ठेवलं होतं. पण ते माझ्या आईला कोण सांगणार? “पैसे देऊन पोरगं बिघडवून आणलं बापा!” असा तिचा निकाल.

त्यावर कळस म्हणजे बाईंनी मलाच गृहपाठ दिला. आईबापांनाच असं खेळायला शिकवायची पद्धत अमेरिकेत बर्नार्ड आणि लुईस गर्नी यांनी 1960च्या दशकात रुजवली. आठवड्यातून अर्धा तास मुलासोबत बसायचं. प्रश्न नाहीत, शिकवणं नाही; तो करतोय ते फक्त बोलून दाखवायचं. पोराने तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काढला. मी लगेच, “बैलाला पाय किती?” बायको खोकली. मग मी आकाशवाणी सुरू केली, “तू बैलाला गवत घालतोयस... तू घंटी बांधतोयस...” खिडकीतून काकू पाहत होत्या.

शेवटी त्याने मलाच बैल केलं. पाठीवर चादरीची झूल, गुडघे फरशीवर. मी तोंड उघडलं तर दटावणी, “बैल बोलत नसते, बाबा!” मी इतका वेळ गप्प बसल्याचं बायकोने लग्नानंतर प्रथमच पाहिलं. मला हाकत त्याने आजीपुढे नेलं आणि खणखणीत आवाजात बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागितला. आजीने थेरपीला नावं ठेवत दहाची नोट काढली.

शाळेत त्याला बोलायची सक्ती करू नका, असं बाईंनी शिक्षिकेलाही कळवलं होतं. काही महिन्यांनी तो वर्गात पहिलं वाक्य बोलला, “पेन्सिल तुटली.” मी मिलमध्ये पेढे वाटले. कारण सांगितल्यावर लोकांनी ते जरा जपूनच खाल्ले.

तुमच्यावर ही पाळी आली तर पोराला जुने कपडे घाला आणि महिन्यांची तयारी ठेवा. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुलं तपासतात; शरीरासोबत विकासातल्या अडचणीही पाहतात. पथक आलं की उंची-वजन करून पोराला घरी नेऊ नका. ते बोलत नाही, हेही तिथेच सांगा.